नांगर, वाकस आणि गावाचा हिशेब : जोतीरावांना हवी असलेली शाळा

१९ ऑक्टोबर १८८२. पुण्याच्या जुना गंज पेठेत राहणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांनी इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला निवेदन लिहिले. आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर होते, म्हणून तो हंटर आयोग या नावाने ओळखला जातो. निवेदनाखाली सही करताना त्यांनी स्वतःची ओळख तीन शब्दांत दिली : व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य. भिडेवाड्यातली मुलींची शाळा, अस्पृश्य मुलांच्या शाळा, ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, सत्यशोधक समाजाची स्थापना, हे सगळे तोवर होऊन गेले होते. तरीही सहीच्या खाली त्यांना आपले रोजचे काम लिहावेसे वाटले.

ते गृहस्थ म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले. त्या निवेदनातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण प्रत्येक जयंतीला भाषणात ऐकतो. त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. गावच्या शाळेतला शिक्षक असा असावा, की वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटणार नाही, असे जोतीरावांनी मांडले होते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत मुलांच्या शिक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ही मागणी आज पुन्हा वाचायला हवी. कारण सुतार आणि माळी आता सरकारी धोरणाच्या कागदावरून शाळेत येऊ घातले आहेत, आणि ते कशासाठी येत आहेत हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे.

मळ्यातून परत शाळेत

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या कामावरून फुले हे नाव पडले. जोतीराव तान्हे असतानाच आई चिमणाबाई गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीच्या नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवले.

सातव्या वर्षी ते शाळेत गेले, आणि काही वर्षांनी शाळा सुटली. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे, असे वडिलांच्या कानावर घालणारे लोक तेव्हाही होते. गोविंदरावांनी मुलाला मळ्यात कामाला लावले. हा अडथळा जोतीरावांच्या चरित्रात सगळीकडे नोंदलेला आहे. पण त्या वर्षांत मुलगा ज्या जागी होता, ती जागाही हिशेबाचीच होती. मळ्यात वाफे आखावे लागतात, ओळींमधले अंतर धरावे लागते, विहिरीचे पाणी कोणत्या वाफ्याला आधी आणि किती हे ठरवावे लागते, फुलांचा भाव रोज नव्याने करावा लागतो. शिकणे मळ्यातही असते. पण ते कागदावर उतरत नाही, आणि जे कागदावर उतरत नाही त्याला सावकाराच्या आणि कुलकर्ण्याच्या वहीपुढे किंमत नसते.

शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण पूर्ण झाले. दरम्यान १८४० मध्ये सावित्रीबाईंशी लग्न झाले होते. मळा आणि वही या दोन्ही गोष्टी माहीत असलेला हा तरुण पुढे आयुष्यभर या दोन्हींच्या मधला बांध फोडत राहिला.

शाळा काढल्या, त्या कशासाठी

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. शूद्र आणि स्त्रियांना शिकवण्याच्या पापाबद्दल घरावर दबाव आला आणि १८४९ मध्ये दोघांना घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, फातिमा शेख शिकवायला उभ्या राहिल्या. १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात दुसरी शाळा सुरू झाली. महार-मांग मुलांसाठी वेताळ पेठेत शाळा झाली. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्या-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा निघाली. त्याच वर्षी या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

या शाळांत वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल शिकवले जाई. शाळेला उद्योगाची शाखा जोडावी, म्हणजे मुले शाळा सोडताना स्वतःच्या पायावर उभी राहतील, ही इच्छाही त्या काळातच व्यक्त झाली होती. इथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. जोतीरावांनी आधी अक्षर आणि अंक दिले, जे जातीने हिरावून घेतले होते. उद्योग त्याच्या जोडीला हवा होता, त्याच्या बदल्यात नव्हे. मुक्तेला टोपल्या विणायला शिकवून परत पाठवले असते, तर तो निबंध लिहिला गेला नसता.

मोजमापाचा व्यवसाय

शाळांवर पोट भरत नव्हते. १८६३ मध्ये जोतीरावांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचा व्यापार सुरू केला. १८७० च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामाला साहित्य पुरवण्याचे ठेके घेतले. कात्रज बोगद्याच्या कामातही त्यांचा ठेका होता. मांजरीला त्यांची सुमारे साठ एकर शेती होती.

ठेकेदाराचे सगळे काम मोजमापावर चालते. दगडाचा ढीग लांबी, रुंदी, उंचीने मोजायचा, चुना मापाने द्यायचा, मजुरांची हजेरी लिहायची, बिल तपासायचे. इथे जोतीरावांना सरकारी बांधकाम खाते आतून दिसले. खोटे मोजमाप कसे होते, अडाणी मजुराच्या नावावर कोण पैसे खातो, हे त्यांनी ऐकीव माहितीवरून लिहिले नाही. १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याचा जमाखर्च मांडला, पाणीपट्टी भरूनही कालव्याचे पाणी वेळेवर मिळत नाही हे सांगितले आणि उपाय सुचवला : ज्याने जितकी पट्टी भरली त्या मानाने त्याच्या शेताला तोटी बसवून पाणी द्यावे. हे न्यायाचे गणित आहे. पाणी मोजले गेले तर ते कोणी पळवू शकत नाही. डोंगरातून वाहून जाणारे पाणी आणि माती अडवण्यासाठी ताली-बांध घालावेत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकी शाळांत शिकवावे, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, हेही त्याच पुस्तकात आहे.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. धर्माच्या नावाने चाललेल्या दलालीवर जोतीरावांनी जो घाव घातला, तो आपल्याला तोंडपाठ आहे. पण दलाल दोन ठिकाणी बसलेला असतो : एक देवळात आणि एक हिशेबाच्या वहीजवळ. दोन्हीकडून त्याला उठवायचे असेल तर माणसाला स्वतः वाचता यायला हवे आणि स्वतः मोजताही यायला हवे.

१८८२ चे निवेदन

आता हंटर आयोगाकडे परत येऊ. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, ही त्या निवेदनातली मूळ तक्रार. महार, मांग आणि इतर जातींची मुले जातिभेदामुळे शाळेबाहेर आहेत. पुणे शहरात त्यांची वस्ती पाच हजारांवर, आणि त्यांच्यासाठी शाळा एकच, हजेरी तीस मुलांपेक्षाही कमी, अशी आकडेवारी त्यांनी दिली. शेतकऱ्यांची मुले गुरे राखण्यात आणि शेतात अडकतात, म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत असे सुचवले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मागितले.

त्यानंतर शाळेत काय शिकवावे हे येते. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. शाळेला जोडून छोटे नमुना शेत असावे, तिथे मुलांनी प्रत्यक्ष हाताने शिकावे. क्रमिक पुस्तके व्यवहाराला धरून नाहीत, ती बदलावीत आणि त्यांत उपयोगी कलाकौशल्याचे धडे टप्प्याटप्प्याने घालावेत.

शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना प्रशिक्षण मिळावे, पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये असावा. आणि गावात शिक्षकाचा मान वाढावा म्हणून जोतीरावांनी सुचवलेला उपाय थक्क करणारा आहे : गावाच्या हिशेबाची तपासणी त्याच्याकडे द्यावी.

ही सगळी कलमे एकत्र ठेवून पाहा. वाकस धरणारा शिक्षक, शाळेला जोडलेले शेत, अभ्यासक्रमात हिशेब आणि त्याच शिक्षकाच्या हाती गावाच्या जमाखर्चाची तपासणी. अवजारापासून निघालेली वाट अंकापर्यंत जाते आणि अंकापासून गावाच्या सत्तेपर्यंत पोचते. मुलाला माळी किंवा सुतार करणे हा जोतीरावांचा हेतू नव्हता. माळ्याच्या आणि सुताराच्या मुलाला कुलकर्ण्याची वही तपासता यावी, हा हेतू होता.

आयोगाने सक्तीची मागणी उचलली नाही. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. देशभर हा हक्क मिळायला २०१० साल उजाडावे लागले. १८८८ मध्ये मुंबईत जनतेने जोतीरावांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० ला त्यांचे निधन झाले. पुढे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भगवान बुद्ध आणि संत कबीर यांच्यासोबत त्यांना आपले गुरू मानले आणि १९४६ चा शूद्रांच्या शोधावरचा ग्रंथ त्यांना अर्पण केला.

आपली शंका रास्त आहे

हाताने काम करून शिकण्याची गोष्ट निघाली की आपल्या वस्तीतल्या पालकांच्या कपाळावर आठी येते. ती आठी इतिहासातून आलेली आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. चांभाराच्या मुलाचा घरचा धंदा कोणता आणि वकिलाच्या मुलाचा कोणता, हे सांगायला नको. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला वंशपरंपरागत धंद्याचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज सरकारने योजना रद्द केली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून काम शिकावे, अशी कल्पना आहे. हे दहा दिवस मद्रासच्या वाटेने जातील की जोतीरावांच्या, हे धोरणाच्या कागदावरून ठरणार नाही. ते एटापल्लीच्या, मूलच्या, सिंदेवाहीच्या शाळेत त्या दिवशी मुलांच्या हातात काय दिले जाते यावरून ठरेल.

जंगलातल्या शाळेत हे कसे दिसेल

जोतीराव हयात असताना आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच चांद्यात धम्मदीक्षा दिली. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे हंटर आयोगाच्या निवेदनानंतर जवळपास शंभर वर्षांनी. इथल्या मुलांच्या भोवती गणित भरपूर आहे. तेंदूच्या हंगामात सत्तर पानांचे एक पुडके बांधायचे हे लहान पोरालाही माहीत असते. शंभर पुडक्यांची सात हजार पाने होतात आणि हजार पुडक्यांच्या प्रमाण गोणीत सत्तर हजार. फळीवर हात भराभर चालतो, पण तोच मुलगा वर्गात सत्तर गुणिले शंभर या उदाहरणापुढे थबकतो. भामरागडकडच्या माडिया मुलाची अडचण दुहेरी आहे. त्याला गणित आणि मराठी एकाच वाक्यात सोडवावे लागते. बांबूचा तुकडा हातात असेल तर निदान एक अडचण कमी होते. अर्धा, पाव, पाऊण हे शब्द आधी डोळ्यांना दिसतात आणि मग कानाला कळतात.

वाफ्याचे उदाहरण घ्या. तीन मीटर लांबीच्या ओळीत दर पन्नास सेंटिमीटरला मिरचीचे एक रोप लावायचे, दोन्ही टोकांना धरून. किती रोपे लागतील? तीनशे भागिले पन्नास, उत्तर सहा, असे वही सांगते. मुले लावायला बसली की सातवे रोप लागते. अंतरे सहा आणि रोपे सात. हा फरक का पडला यावर पंधरा मिनिटे वाद होऊ द्यावा. भागाकार म्हणजे काय हे त्या वादात जितके कळते तितके फळ्यावर कळत नाही. कुंपणाचे खांब रोवताना तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि कुंपणाच्या बिलात एक खांब कमी की जास्त हेही त्यातूनच पकडता येते.

सुताराकडे गेलात तर तो इंचाचे आठ भाग करून प्रत्येकाला सूत म्हणतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, दोन सूत म्हणजे पाव, सहा सूत म्हणजे पाऊण. पाचवीचे अपूर्णांक त्याच्या पट्टीवर आधीच कोरलेले आहेत. पाट चौरस बसला की नाही हे तो दोन्ही कर्ण मोजून तपासतो. गवंडी दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणतो आणि पायाचा काटकोन काढतो. पायथागोरसचे प्रमेय शाळेच्या भिंतीला लागून उभे असते. शिक्षकाने फक्त मुलांना बाहेर न्यायचे आणि परत आत आणून ते वहीत लिहून घ्यायचे. परत आत आणणे महत्त्वाचे. नाहीतर तो दिवस सहलीचा होतो.

आणि तिसरा टप्पा गावाचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकार ग्रामसभेकडे आला. अधिकार हातात आला की बांबू मोजावा लागतो, मजुरी काढावी लागते, जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचावा लागतो. दोन्ही जिल्ह्यांत आज अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे व्यवहार करतात. त्यांची वही कोण लिहिणार आणि कोण तपासणार? गावातली शिकलेली मुले-मुली ते करणार नसतील तर बाहेरचा दलाल करील. नाव बदलेल, कुलकर्णी तोच राहील.

तीन प्रश्न

म्हणून शाळेत सुतार किंवा माळी येईल तेव्हा जोतीरावांच्या निवेदनातून निघणारे तीन प्रश्न आपण विचारावेत.

पहिला, हातातल्या कामाचे गणित त्याच दिवशी वहीत उतरले का? नुसते झाड लावून आणि फोटो काढून घरी पाठवले असेल तर ते शिक्षण झाले नाही, श्रमदान झाले.

दुसरा, सगळ्या मुलांनी सगळी अवजारे धरली का? बुरूडाच्या मुलाला बांबू, माळ्याच्या मुलाला खुरपे, मुलींना झाडू आणि बाकीच्यांना संगणक असे वाटप असेल तर ती जातीची शाळा आहे, आणि तिला विरोध करणे आपले काम आहे. करवत मुलीच्या हातात आणि खुरपे सरपंचाच्या मुलाच्या हातात दिसले पाहिजे.

तिसरा, हे गणित गावाच्या हिशेबापर्यंत पोचते का? आठवीच्या मुलाला रोजगार हमीचा हजेरीपट वाचता यावा, शेततळ्याचे घनफळ काढून कंत्राटदाराच्या मोजमापाशी ताडून पाहता यावे. जोतीरावांनी शिक्षकाकडे मागितलेली तपासणी ती हीच.

या कामासाठी निधीची वाट पाहण्याची गरज नाही. एक मोजपट्टी, बारा खुणांची एक दोरी, गावातल्या सुतारदादांचा एक तास आणि विहाराच्या अंगणातला एक वाफा एवढे पुरे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुले तिथे असतातच. वंदनेनंतरचा एक तास मोजणीला द्या. येत्या २८ नोव्हेंबरला, स्मृतिदिनी, पुतळ्याला हार घालून झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि गुरुजींना विचारा की शाळेला जोडून नमुना शेत कुठे करता येईल. जागा नसेल तर विहाराची जागा देऊ करा. जोतीरावांनी ही मागणी सरकारकडे १८८२ मध्येच केली आहे. आपल्या वस्तीपुरती ती पूर्ण करायला आपल्याला कोणत्याही आयोगाची परवानगी लागत नाही.

जय जोती! जय भीम!